वाटणी झाली, पासवर्ड एकच

भनपुरीहून येणाऱ्या बसमध्ये मागच्या सीटवर बाप-लेक बोलत होते.

"स्वरदा, माह्या भांड्यांच्या वेबसाइटवर अच्युतच्या साड्या काहून दिसून राहिल्या?"

"बाबा, दोन्ही साइट एकाच सिस्टीमवर चालतात. काकांनी फोटो चुकून तुमच्या साइटवर टाकले."

"पण आम्हा भावांची वाटणी झाली ना?"

"दुकानांची झाली. सिस्टीम एकच राहिली, पासवर्डही एकच."

"मग त्याची साइट उडवून टाक."

"उडवता येते. पण काकालेही तुमची उडवता येते."

"कधीपासून?"

"भांडण झालं त्याच्या आधीपासून."

"मग त्यानं उडवली काहून नाही?"

"मले काय माहीत? काकालेच विचारा."

"त्याचं दुकान गोल बाजारातच आहे ना अजून?"

"हव."

"मग तिथंच उतरू."