फिरंगरोग कुणाचा?

मंडळी, मला एक सांगा — दोष आपला असला, की त्याला नाव परक्याचं का हो देतो आपण?

खाली बघू नका! त्या चोरट्या रोगाचंच नाव घेणार आहे मी. जुन्या वैद्यांनी पोथीत लिहिलं — फिरंगरोग, म्हणजे गरमी, उपदंश. का? तर म्हणे फिरंग्यांच्या संगतीनं आला. आणि तिकडे, फिरंग्यांच्या मुलखात? फ्रान्सवाले म्हणत, हा इटलीचा! इटलीवाले म्हणत, छे, हा फ्रान्सचा! रोग सगळ्यांना झाला, पण आपला म्हणायला एकही तयार नाही!

आता ऐका. कोकणातलं एक बंदर. तिथला धाकू तांडेल — गलबताचा म्होरक्या. आठ महिने दर्यावर, दहा बंदरं फिरलेला. घरी बायको मथुरा आणि दोन वर्षांची लेक. धाकू परतला, आणि दोन महिन्यांत मथुरेच्या अंगावर चट्टे उठले. वैद्यानं पाहिलं, म्हणाला — "फिरंगरोग."

झालं! देवळासमोर गाव गोळा. पंच गरजले, "फिरंगरोग! म्हणजे कुणी फिरंगी घरात शिरला होता! कोण तो? नाव सांग!"

मथुरा गप्प.

सासू ओरडली, "बघा, तोंड उघडत नाही! काढा हिला गावाबाहेर. पोर माझ्याकडे राहील!" — आणि लेक ओढून घेतलीसुद्धा! धाकू? खांबाला टेकून जमिनीकडे बघत उभा.

अहो, ती गप्प का? लग्न झालेली बाई कुणाचं नाव घेत नाही? — तिकडे बायकांना कळलं बघा! पुरुषमंडळी अजून विचारच करताहेत!

म्हातारी सगुणा सुईण पुढे झाली. "पंचांनो, थांबा. मथुरे, उखाण्यात घे गं नाव."

मथुरेनं पदर सावरला. म्हणाली —

"गलबत लागलं बंदराला, नारळ वाहिला सागराला,
धाकू तांडेलांचं नाव घेते, त्यांनीच लावला हा रोग घराला!"

उखाणा झाला की बायका हसतात. इथं कुणी हसलं नाही, मंडळी. धाकू पुढे आला. आईच्या कडेवरून लेक घेतली, मथुरेच्या हातात दिली. म्हणाला, "हिचा दोष नाही. रोग माझा. लाज वाटली, म्हणून बोललो नाही."

लाज! त्याच्या लाजेपायी एक आई पोरीला मुकणार होती हो!

आणि तुम्ही? दवाखान्यात बायकोला आत ढकलता, आपण बाहेर तंबाखू मळत उभे! अहो, आज औषध आहे, रोग बरा होतो. तिच्याआधी आपण आत जा. डॉक्टरांना सांगा — हे माझ्यामुळे. एवढं सांगून या, आणि मग देवापुढे टाळी वाजवा!