रॅम्पवाली टॅक्सी आणि इसोकोची गाडी

...रॅम्प आहे हो, नाही कुठे म्हणतेय मी? गावातल्या प्रत्येक टॅक्सी कंपनीने व्हीलचेअरसाठी रॅम्पवाली गाडी ठेवायचीच, नियम झालाय ना! दारावर निळं चित्रसुद्धा चिकटवलंय. पण तुम्हाला सांगते, त्या चित्रातला माणूस सोडला तर व्हीलचेअरवालं दुसरं कुणी त्या गाडीत मी बघितलेलं नाही.

त्या दिवशी इसोको गाव सोडून चालली होती. इसोको म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. दोघींचे नवरे गेले, पण आमची भांडणं काही थांबली नाहीत. आता मुलाने ओसाकाला बोलावलं, कायमचं. मला फक्त स्टेशनवर जाऊन तिला एक वाक्य ऐकवायचं होतं. फोन लावला, तर पलीकडची बाई मधात घोळवून सांगते की गाडी आहे हं, पण ती चालवायला शिकलेला ड्रायव्हर आज सुट्टीवर आहे. दुसरीकडे म्हणे, आदल्या दिवशी सांगायला हवं होतं. तिसरीकडे मी माझ्या व्हीलचेअरचं नावच काढलं नाही, म्हटलं रॅम्पवाली गाडी पाठवा, थोडं जड सामान आहे. लगेच आली.

गाडीतून उतरले ड्रायव्हर ओबाता-सान. पांढरे हातमोजे, कमरेत वाकून नमस्कार. "आजी, सामान कुठाय?"

"हे काय, समोर बसलंय."

ते वाकले ते वाकलेलेच राहिले. नियम झालाय ना, करतात काय! डिकीतून छत्र्या, गमबूट, मासे धरायचा गळ असं सगळं उपसल्यावर खालून रॅम्प निघाला. त्यांना शिकवलं होतं म्हणे, पण तेव्हा खुर्चीत कंपनीचे साहेब बसले होते, आणि साहेबांना मागेपुढे ढकलायचं कुणी? आधी रॅम्प उलटा लागला, सुलटा लावला तर सीट दुमडेना, सीट दुमडली तर रॅम्पच निसटून आला... मी आधी गोड बोलले, मग गप्प बसले. माझं गप्प बसणं कसं असतं ते माझ्या सुनेला विचारा.

तेवढ्यात शेजारी दुसरी टॅक्सी थांबली, आणि काचेतून इसोको! स्टेशनलाच निघाली होती. उतरली, तिचा ड्रायव्हरही उतरला, आणि मग दोघे हातमोजेवाले एकमेकांना वाकून, तुम्ही धरा, छे छे, तुम्हीच धरा... शेवटी इसोकोनेच सुनेसाठी घेतलेला शिंपल्यांचा डबा खाली ठेवला आणि मला मागून ढकललं. नियम झालाय ना, कुणीतरी पाळायला नको?

मी आत बसले, पट्टे आवळले. इसोको धापा टाकत म्हणाली, "बोल हात्सु, स्टेशनवर येऊन काय सांगणार होतीस?"

"जाऊ नकोस गं."

तिने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. तिची ओसाकाची आगगाडी कधीच गेली होती.

त्या शिंपल्यांचं मिसो सूप आम्ही माझ्याकडेच केलं. तिचा मुलगा फोनवर तणतणला, पुढच्या आठवड्याचं तिकीट काढतो म्हणाला. मी इसोकोला बजावलं, या खेपेला मी येणार म्हणजे येणार, तेही टॅक्सीनेच.

तर बाई वाटीतून मान वर न करता मुलाला म्हणते, "राहू दे रे, तिकीट कशाला फुकट घालवतोस."