ट्रंकांवरचा काळा रंग

पुसलं नाही हो काका, झाकलंय. खाली आहे ना सगळं — नाव, रँक, युनिट, कुठून निघालं, कुठे जायचं — जसंच्या तसं आहे, वरून फक्त काळ्या रंगाचा एक हात मारलाय. 'पोरीनं माझं नाव पुसलं' असं बाबांनी तुम्हाला सांगितलं असेल तर अर्धंच सांगितलंय. बसा ना. त्या लोखंडी खुर्चीवर नको, ती दवानं भिजलीय, इकडे वेताच्या मुढ्यावर बसा. शेडमध्ये नाही नेत तुम्हाला, रागावू नका — आई पडलीय आत, आणि दार उघडलं की होती नव्हती ती ऊब जाते. आणि हे काय, लीना काकूंनी तिळाच्या वड्या पाठवल्यात? द्या इकडे. बरं झालं, संक्रांतीच्या आधी आलात, एकदा तीळगूळ घेतला की गोड बोलावं लागतं आणि आज मला ते जमणार नाहीये.

बाबांनी कुठून सुरुवात केली सांगायला? रंगापासून? वाटलंच. म्हणजे 'कर्नल नंदकुमार जगदाळे यांच्या कन्येनं सरकारी इतिहासावर डांबर फासलं'. आणि वायरचं? वायरचं नाही सांगितलं. आणि गाडीतलं? तेही नाही. मग ऐका, एवढ्या धुक्यात पंचकुल्याहून गाडी हळूहळू चालवत आलाच आहात तर पूर्ण ऐकून जा.

तीन वर्षांपूर्वी बाबा रिटायर झाले, त्या दिवशी मेसमधल्या पार्टीहून आम्ही परत येत होतो, मी मागच्या सीटवर, आणि बाबा आईला म्हणाले — गिरिजा, घरी गेल्यावर त्या बदल्यांच्या ट्रंका कबाड्याला देऊन टाकू. एवढंच. कुणी शपथ घातली नव्हती, स्वतःच म्हणाले. ह्या घरात आल्यावर आईनं पहिल्याच आठवड्यात लिंबाचं रोप आणलं. तुम्ही हसाल, पण काकूंना विचारा, तुमची एअर फोर्सची नोकरीही बदल्यांचीच होती, त्या सांगतील. आईनं पठाणकोटला लिंब लावलं, तेजपूरला लावलं, झाशीला लावलं — लावायचं तिनं आणि सरबत प्यायचं पुढच्या ऑफिसरच्या बायकोनं. हे पहिलं झाड की ज्याची लिंबं तिनं स्वतः तोडली. ते बघा ना, कुंपणापाशी, धुक्यात नीट दिसत नाही, पण पिवळं पिवळं दिसतंय ना — तेच. आणि ट्रंका? ट्रंका काही कबाड्याकडे गेल्या नाहीत. मागच्या शेडमध्ये कूलरच्या शेजारी रचून ठेवल्या, 'असू दे, लागतात'. कशाला लागतात ते दिवाळीनंतर कळलं. जेवताना म्हणाले, वडोदऱ्याला नोकरी मिळालीय, कंपनीत सिक्युरिटी हेड, बंगला आहे, गाडी आहे, जानेवारीत हजर व्हायचंय — गिरिजा, पॅकिंग सुरू कर. 'करूया का' नाही काका. 'कर.' आईनं उरलेल्या चपात्या लाटल्या, ओटा पुसला, आणि दुसऱ्या दिवशी कूलर अंगणात काढून शेडमध्ये स्वतःची खाट टाकली. मला म्हणाली, मी भांडत नाहीये गं, मी फक्त पॅक करणार नाही.

संप म्हणा हवं तर. मी संपच म्हणते. तिला तो शब्द आवडत नाही. आणि संप तरी कसला — बाबा सकाळी सुखना तलावावर फिरायला गेले की ही स्वयंपाकघरात येणार, भाजी-चपाती करून झाकून ठेवणार आणि ते परत यायच्या आत बागेत पसार. मी म्हटलं, आई, संपावरचा माणूस मालकाचा डबा भरत नाही. तर म्हणे, तो उपाशी राहिला तर मला झोप लागायची नाही. आता बोला. अशा माणसासाठी लढायचं म्हणजे —

हं, वायर. ह्या शेडला लाइट नाहीच, कधी नव्हती. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड ओढला, त्यावर एक छोटा हीटर, एक दिवा. डिसेंबर अर्धा बरा गेला. मग एक दिवस येऊन बघते तर बोर्ड नाही. बाबांनी काढून, गुंडाळून, रबर बँड लावून फळीवर ठेवलेला — फौजी माणूस, रागसुद्धा घडी घालून ठेवतो. मी विचारलं तर म्हणाले, लाइट नसली की येईल आपोआप आत. ऐकलंत? तीस वर्षं जिच्याबरोबर काढली तिच्याशी वेढा घालून बोलायचं. रसद तोडायची. आणि तुम्ही म्हणता तो हळवा आहे आतून. असेल. मी नाही म्हणत नाही. पण आतून हळवं असून दुसऱ्याला काय उपयोग, काका, बाहेर तर हा असा गारठा.

तेव्हा मग मी ठरवलं की ही शेड विजेशिवाय गरम करून दाखवायची. सगळे म्हणाले अंगीठी ठेव. बंद खोलीत अंगीठी? इकडे दर थंडीत पेपरात बातमी येते, कोळसे पेटवून झोपले आणि उठलेच नाहीत. म्हणून जाळायचं काहीच नाही हे पहिलं पक्कं केलं. मग ओजस म्हणाला — माझा कॉलेजातला मित्र, आयटी पार्कमध्ये असतो, त्याला सगळं ऑनलाइन मागवायचं असतं — म्हणाला सोलर पॅनल लाव. लावलंय एक, छपरावर, त्यावर दिवा लागतो आणि फोन चार्ज होतो. तेवढ्याशा पॅनलवर हीटर नाही चालत, हीटर विजेचा राक्षस आहे. मग राहिलं काय? ऊन. दक्षिणेच्या भिंतीतला पत्रा काढून तिथे जुन्या खिडकीच्या काचा बसवल्या, दोन पदरी, मध्ये मोकळी हवा. बाकीच्या भिंतींना आतून परालीचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, गठ्ठे — झिरकपूरच्या पुढे एकाकडून आणले, नाहीतर तो शेतात जाळणारच होता आणि तो धूर आपण खाणार होतो — त्यावर गोणपाट. वर छताला थर्माकोल. दाराला जुनी रजाई. हवेसाठी वर एक भोक ठेवलंय, तेवढी अक्कल आहे मला. पण उन्हाचं कसं असतं, दुपारी खोली तापते आणि सूर्य गेला की तासाभरात निवते, म्हणून ऊन साठवायला काहीतरी जड लागतं. पाणी सगळ्यात चांगलं. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, पाणी भरलं, आणि त्या ठेवायला समोर काय होतं? काळ्या ट्रंका. काचेसमोर एकावर एक रचल्या, आत गच्च बाटल्या. दुपारभर ट्रंक ऊन पिते, रात्रभर सोडते. एवढंच. बाहेर पाच डिग्री असताना आत तेरा होतं, काका. तेरा म्हणजे काही वडोदरा नाही, पण रजाईत माणूस नीट झोपतो. मी त्याचा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकला तर मुलं विचारायला लागली, आमच्या सोसायटीच्या चौकीदाराच्या खोलीत करता येईल का, येऊन दाखव. येईलच की. ह्या शहरात नकाशा काढून एकेक सेक्टर बसवला आणि माळी-चौकीदार कुठे झोपणार ते काढायचं राहून गेलं. मला ते करायचंय. ही भांडणं मिटली की.

रंगाचं सांगते ना. ट्रंकेच्या तोंडावर केवढी अक्षरं आहेत तुम्ही पाहिलीत — ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं, आणि पांढरा रंग ऊन परत फेकतो. म्हणून काळा मारला. आणि अक्षर कुणाचं होतं ते? बाबांचं? नाही काका, आईचं. दर बदलीला अंगणात वर्तमानपत्र पसरून ती बसायची, जुन्या गावावर काळा हात मारायची, वाळला की पांढऱ्यानं नवीन गाव लिहायची. मी लहानपणी ब्रश धुऊन द्यायचे. म्हणजे झाकायची पद्धत घरचीच आहे, मी नवीन काही केलं नाही. फक्त वर काही लिहिलं नाही.

काय?

नाही... हो. फिरवून ठेवता आल्या असत्या. मागची बाजू कोरीच आहे, कोरी आणि काळी. कड्या खोलीच्या बाजूला आल्या असत्या, एवढंच झालं असतं. उलट सोयीचंच झालं असतं. हे तुम्हाला आल्या आल्या सुचलं, मला सुचलं नसेल का? सुचलं होतं. बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीत चहाचा कप घेऊन उभे होते, बघत होते माझ्याकडे, आणि मी रंगाचा डबा उघडला. झालं समाधान? पण ते बाहेर येऊन एक शब्द बोलले असते — ओरडले असते तरी चाललं असतं — नाही, कप विसळून ठेवला आणि आत गेले. आणि दोन दिवसांनी तुम्हाला पाठवलं. ह्या घरात कुणी कुणाशी सरळ बोलत नाही, मधे कुणीतरी दूत लागतो. रागावू नका, दूत म्हणाले म्हणून. तुम्ही भले आहात.

सोमवारी ट्रक येतोय. माहीत आहे. मूव्हर्सवाला काल मोजमाप घेऊन गेला, शेडपर्यंत आला होता, मी परत पाठवला.

खोकला ना... हो, आईच आहे. थंडीचा आहे. हे धुकं नसतं तर — आता हे तुम्ही बाबांना सांगू नका हं — हे धुकं बसल्यापासून ऊनच नाहीये. दुपारी सूर्य ट्यूबलाइटसारखा दिसतो आणि जातो. ट्रंका तापणार कशा? हात लावून बघा असं म्हटलं असतं, पण नका लावू, बर्फ आहेत. उलट आता त्याच खोली गार ठेवतात, एवढं पाणी आहे आत. मी गॅसवर पाणी तापवून रबरी पिशव्या भरून नेते, सकाळ, दुपार, संध्याकाळ, जाते, येते, जाते, येते. पाय दुखून आलेत. झोप नाही. पण उद्या ऊन पडणार आहे, फोनवर दाखवतंय. परवाही उद्याच दाखवत होतं. एकदा दोन दिवस सलग ऊन मिळालं ना की परत तेरावर येईल, माझं गणित चुकलेलं नाही, आकाश चुकतंय. तेच कालही मी आईला सांगितलं. ती म्हणाली, वल्लरी, पुरे गं आता, मी आत येते, हाडं गारठली माझी — आणि मी म्हटलं, आज नको आई, एवढं ताणलंस, अजून दोन दिवस, उद्या ऊन पडणार आहे —

असं का बघताय?

मी तिला कोंडून नाही ठेवलेलं, काका. दाराला कडीसुद्धा नाही, नुसतं लोटलेलं असतं, वर रजाई. तिनं मान डोलावली. ती नेहमीच मान डोलावते. पठाणकोटला डोलावली, तेजपूरला डोलावली... मला म्हणायचं होतं की निदान ह्या वेळी तिचं कुणीतरी ऐकावं. तेवढ्यासाठीच तर मी हे सगळं... तेवढ्यासाठीच केलं.

वड्या चांगल्या झाल्यात. काकूंना सांगा.

थांबा, रजाई हलली. आई? तू कशाला उठलीस, किती गार आहे बाहेर. श्रीनिवास काका आलेत. नाही, मी काही नाही बोलले त्यांना, वड्या घेऊन आलेत. दे ती पिशवी, मी भरून आणते पाणी. का नको? बरं. बरं. ट्रंका? भरलेल्याच आहेत. नाही, नाही करणार रिकाम्या. तू म्हणतेस तर — नाही गं आई, कुणीच नाही करणार, मी बघते. चप्पल तर घाल, पायऱ्या ओल्या आहेत.

गेली. सरळ स्वयंपाकघरात. तुम्हाला नमस्कारसुद्धा केला नाही, वाईट वाटून घेऊ नका. मलाही नाही विचारलं.

निघा तुम्ही आता काका, धुकं अजून उतरेल, हायवेला काही दिसायचं नाही. चहाला थांबवत नाही. बाबा क्लबमध्ये असतील, त्यांना तुम्हीच फोन करा, मी नाही करणार. सांगा, ती आत आलीय. शेकायला आलीय म्हणावं, पॅक करायला नाही. आणि ट्रंका पाण्यानं भरलेल्या आहेत आणि त्या तशाच राहायच्यात, हे मी नाही सांगितलं, तिनं सांगितलं, तुमच्यासमोर — एवढं तरी पूर्ण सांगा. ट्रक परत पाठवायचा की आणखी काय करायचं ते त्यांनी तिला विचारावं. समोर बसून. डबा राहू दे इथेच, नंतर पाठवीन. फाटक जड आहे, जरा उचलून ओढा.

नको, काका, शेडचं दार नका लावू. राहू दे उघडं.