सातवी मॅच आणि नेस्टरचे वडील

मी मूळचा वाळवा तालुक्यातला, सांगली जिल्हा, साखर कारखान्याच्या भोंग्यावर सगळं घर उठतं आणि जेवतं तसल्या घरातला. आबा, म्हंजे माझे वडील, कारखान्यात बॉयलरवर फिटर होते, हंगाम चालू झाला की घरी यायचे ते निम्मे झोपेतच, कपड्याला मळीचा वास, आणि बोलायचं म्हटलं तर नट कसा आवळायचा आणि कुठं थांबायचं एवढंच बोलायचे. माया होती, नाही असं नाही, पण ती बोलून दाखवायची पद्धत आमच्यात नव्हती. मग मी आयटीआय केलं, मुंबईला गोदीत लागलो, तिथनं एका एजंटानं इकडं परदेशात आणलं, आणि आता इथं सेम्बावांगच्या बाजूला जहाजांच्या यार्डात स्टेजिंगचा सुपरवायझर आहे. स्टेजिंग म्हंजे परांची हो ताई, जहाज दुरुस्तीला आलं की त्याच्या अंगाला पायपांची परांची बांधायची, तिच्यावर वेल्डर चढणार, पेंटर चढणार, आणि कोण चढलं कोण उतरलं ते मी बघणार. बायको आणि दोन्ही पोरं इस्लामपुरात. आई थोरल्या भावाकडं, गावात.

तुम्ही विद्यापीठात शिकता का शिकवता ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण तुम्ही म्हणालात दत्ताभाऊ तुमच्या इथल्या आयुष्यातलं काही सांगा, आणि मला पहिल्यांदा बास्केटबॉलच आठवला, आता हसा. आमच्याकडं कबड्डी, नाहीतर तालमीत घुमायचं. बास्केटबॉल मला कॉन्व्हेंटच्या पोरांचा खेळ वाटायचा. पण आम्ही फ्लॅट भाड्यानं घेतला तो तिघांत, एक मी, एक तमिळ इलेक्ट्रिशियन, आणि एक नेस्टर, फिलिपिनो, बातांगासचा, वेल्डिंगचा फोरमन, आणि त्याच्यामुळं हे सगळं घरात शिरलं.

काय सांगू तुम्हाला, त्या लोकांना या खेळाचं जे वेड आहे ना, तसलं मी कशाचंच बघितलं नाही. नेस्टर सांगायचा, गल्लीगल्लीत रिंग, नारळाच्या झाडाला ठोकलेली, पायात रबरी चपला घालून पोरं खेळतात. मी म्हणायचो अरे तुम्ही एवढे एवढे, माझ्या खांद्याला लागता, तुम्हाला हा ताडमाड माणसांचा खेळ कुणी लावला, तर म्हणायचा कुया, बॉलला कुठं उंची कळते. कुया म्हंजे त्यांच्यात दादा. तर तिकडं त्यांची मोठी लीग आहे, पगारी खेळाडूंची, आणि गंमत अशी की टीम गावाची नसते, कंपनीची असते, म्हंजे आपल्या कारखान्यानं टीम काढावी आणि अख्ख्या महाराष्ट्रानं तिच्यासाठी भांडावं तसं. फायनल एका मॅचची नसते. सात मॅचची मालिका, जो आधी चार जिंकेल त्याचा कप. दोन-तीन आठवडे चालते, आणि तेवढे दिवस आमच्या यार्डातले फिलिपिनो दोन तुकड्यांत जेवायला बसतात, लाल टीमवाले इकडं आणि निळे तिकडं. एरवी जीवाला जीव देतील.

नेस्टर लालवाला, कारण त्याचा बाप लालवाला. त्या बापलेकांची एक पद्धत होती ती मी तुम्हाला सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मॅचच्या दिवशी नेस्टर इथं लॅपटॉप लावायचा आणि शेजारी फोन, फोनवर तिकडं त्याचे ताताय, म्हंजे वडील. त्यांचं घड्याळ आणि इथलं घड्याळ एकच, तिकडं संध्याकाळ तर इकडं पण संध्याकाळ. पण म्हाताऱ्याकडं टीव्ही, आणि इथं इंटरनेटवर येणारं चित्र थोडं मागनं यायचं. त्यामुळं व्हायचं काय, इथं बॉल अजून खेळाडूच्या हातात आणि फोनमधनं ताताय ओरडणार, गेला, गेला. मग इथं तो बॉल जाणार. नेस्टर वैतागायचा, ताताय, गप्प बसा, मला बघू दे की, आणि म्हातारा म्हणायचा बरं, आणि पुढच्या बॉलला परत ओरडायचा. मी आणि तमिळ भाऊ पोट धरून हसायचो. सगळी मॅच आम्ही म्हाताऱ्याच्या तोंडानं आधी ऐकायची आणि मग डोळ्यांनी बघायची. मलाही सवय लागली, मी पण लालवाला झालो, कशाला ते विचारू नका.

त्या सालची फायनल पाच मॅचपर्यंत आली होती, निळे तीन, लाल दोन. म्हंजे सहावी हरली की संपलं. तातायना दम्याचा त्रास होता, पाचव्या मॅचला आवाज बारीक झाला होता पण ओरडणं चालूच. आणि सहाव्या मॅचच्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या थोडं आधी, माझा फोन वाजला. नेस्टरची बायको, लिझा. तिनं मला कधी फोन केला नव्हता. नेस्टरचा फोन लॉकरमध्ये, हॉट वर्क, म्हंजे वेल्डिंग-कटिंग, चालू असलं की वर फोन न्यायचा नाही हा इथला नियम. ती रडत होती, म्हणाली कुया, ताताय गेले, सकाळी गेले, तो वर असला तर आत्ता सांगू नका, पाय घसरेल त्याचा, आधी खाली उतरू दे.

आता माझं ऐका, मध्येच सांगतो, पण सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. माझे आबा गेले तेव्हा मला भावाचा फोन आला, आबांना बरं नाही, ये. एवढंच. मी विचारलं बोलतात का, तर म्हणाला झोपलेत. मी तिकीट काढलं, इथनं मुंबई, मुंबईतनं एसटी, सगळ्या वाटेनं त्यांच्यासाठी आणलेला मऊ मफलर पिशवीत चाचपत गेलो, आणि गल्लीच्या तोंडाला आलो तर दारात माणसं पांढऱ्या टोप्या घालून बसलेली, आणि कुणी माझ्याकडं बघेना. आदल्या दिवशीच झालं होतं सगळं. मला फोन केला तेव्हाच आबा गेलेले होते. भाऊ म्हणाला वाटेत तुला कशाला त्रास, आणि ठेवायचं कसं रं, उन्हाळा, चार माणसं म्हणायला लागली उरका. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, आपल्यात असंच करतात, सगळेच करतात, तुमच्या पुण्यातही करत असतील. पण मला आबांचं तोंड बघायला मिळालं नाही. राख मिळाली. भावाशी मी त्यानंतर बोललो, सणाला गेलो, पण ती गोष्ट आमच्यात जेवायला बसल्यासारखी बसून राहिली.

तर लिझाचा फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात एकच, सकाळी गेलेत, म्हंजे फार तर संध्याकाळपर्यंत ठेवतील, आणि हा गडी वर जहाजाच्या पोटाशी बसून वेल्डिंग करतोय. मी जेवणाच्या सुट्टीची पण वाट बघितली नाही. काम थांबवलं, नेस्टरला खाली बोलावलं, अंगावरचा हार्नेसचा पट्टा सोडायला लावला, जमिनीवर दोन्ही पाय आलेले बघितले, आणि सरळ सांगितलं. नेस्टर, ताताय गेले. आजारी आहेत म्हणालो नाही, बरं नाही म्हणालो नाही. तो खाली बसला, हेल्मेट मांडीवर घेऊन, आणि म्हणाला, आज मॅच होती त्यांची.

आणि मग मी जे काही केलं ना ताई, ते आठवलं की आता हसू येतं. त्याचा हात धरून ओढायलाच लागलो, चल, उठ, एअरपोर्टला चल, पासपोर्ट मी आणतो. तो म्हणतो कुया, सावकाश. मी म्हणतो सावकाश काय, तिकडं उरकतील. साहेबाकडं गेलो, साहेबानं लगेच सुट्टी दिली, तिकीट बघितलं तर त्या दिवसाची विमानं भरलेली, दुसऱ्या दिवशी सकाळचं मिळालं. माझं डोकंच फिरलं. मी लिझाला फोन लावला आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत तिला हात जोडून सांगायला लागलो, डोन्ट बर्न, सिस्टर, प्लीज डोन्ट बर्न, ही इज कमिंग, टुमॉरो कमिंग, बर्फ लावा, काय पण करा. मग ती म्हणाली, कुया, हू विल बर्न? आणि मग रडता रडता हसायला लागली बिचारी, आणि मागं कुणाला तरी सांगितलं असणार, कारण मागनं पण बायका हसल्या.

नेस्टर माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझ्या हातातनं फोन घेतला आणि मला समजावलं, म्हंजे बाप त्याचा गेलेला आणि समजावतोय तो मला. म्हणाला, कुया, आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि लगेच नाही पुरत. घरात पुढच्या खोलीत ठेवतात, औषध भरून, काच लावलेल्या पेटीत, आणि सगळे यायची वाट बघतात. माझी बहीण कुवेतला आहे, ती पोचल्याशिवाय कोण हात लावणार नाही. रोज माणसं येतात, जेवतात, पत्ते खेळतात, म्हाताऱ्याला एकटं सोडत नाहीत. मी विचारलं, वाट बघतात? तो म्हणाला, मग, बघायला नको? इतकं साधं सांगितलं त्यानं.

संध्याकाळी मला वाटलं लॅपटॉप काही उघडणार नाही. आमच्यात सुतक म्हणजे चुलीवर तवा चढत नाही, टीव्हीचं तर नावच नको. पण नेस्टरनं बॅग भरली आणि मॅच लावली, म्हणाला त्यांची मॅच आहे, कुणीतरी बघायला पाहिजे. फोन शेजारी ठेवला नव्हता. पहिला बॉल पडला, अगदी गुपचूप पडला, आधी कुणी ओरडलं नाही. आम्हा तिघांना एकदमच ते समजलं. तोवर नेस्टर रडला नव्हता, तेव्हा रडला, मोठ्यानं, आणि तमिळ भाऊ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला. लाल टीम जिंकली त्या दिवशी. तीन-तीन झालं.

सकाळी मी त्याला एअरपोर्टला सोडलं. सातवी मॅच रविवारी होती, बहीण अजून वाटेतच होती, म्हंजे ताताय घरातच. रविवारी संध्याकाळी तमिळ भाऊ ड्यूटीवर होता, नेस्टरचा व्हिडिओ कॉल आला, कुया, तू एकटा बसू नको, आमच्यात बस. आणि त्यानं फोन कशाला तरी टेकवून ठेवला. पुढची खोली माणसांनी भरलेली, पोरं खाली, म्हातारे खुर्च्यांवर, बायका कॉफी आणि बिस्किटं फिरवतायत, भिंतीला टीव्ही, आणि टीव्हीच्या समोर, चांगली बघायची जागा असते ना तिथं, ती पांढरी पेटी. सुरुवातीला मला कसंतरीच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग हळूहळू वाटायचं बंद झालं. एक म्हातारा तर मधनंच पेटीकडं वळून मॅचवर काहीतरी बोलत होता, बहुतेक शिव्याच देत असणार.

आणि लाल टीम हरली. शेवटच्या मिनिटाला हरली, थोडक्यात. सगळी खोली हाय करून खाली बसली. मग नेस्टरची आई, बारकीशी बाई, पेटीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. नेस्टरनं मला सांगितलं, आई म्हणते, बरं झालं, ह्यानं हे बघितलं नाही.

मग तिनं विचारलं असणार फोनवर कोण आहे, कारण नेस्टर माझं नाव घेत होता, ते डोन्ट बर्न पण सांगितलं असेल, कारण बाई माझ्याकडं बघून हसली. आणि मग ती नेस्टरला काहीतरी म्हणाली, आणि तो म्हणाला, कुया, आई विचारते, तुला ताताय बघायचे आहेत का. मी नुसती मान डोलावली. तिनं स्वतः फोन हातात घेतला आणि काचेवर धरला. चांगला शर्ट घातला होता म्हाताऱ्याला, केस विंचरलेले. ज्यांचा नुसता आवाज मी ऐकला होता, ते गप्प होते. ती बाई फोन हलवेना. मला वाटलं माझं बघून झालं की सांगेन, पण मी सांगितलंच नाही, आणि तिनंही घाई केली नाही. मी हात जोडून बसलो होतो आणि मला खरं सांगायचं तर आबाच दिसत होते. इतकी वर्षं मला त्यांचं शेवटचं तोंड डोळ्यांपुढं आणताच येत नव्हतं, कारण मी ते बघितलंच नव्हतं.

नेस्टर परत आला, फ्लॅटमध्येच राहतो, आत्ता बाजारला गेलाय, नाहीतर तुमची ओळख करून दिली असती. यंदा पण फायनल चालू आहे, लाल टीम त्यात नाही, तरी बघतो आम्ही.

तर मी काय म्हणत होतो, त्या रविवारी मॅच संपल्यावर मी भावाला फोन लावला. आई बरी आहे, हिंडतीफिरती आहे, देव करो आणि नातवंडांची लग्नं बघो. पण मी भावाला म्हणालो, दादा, आईचं काही झालं तर मला बरं नाही म्हणून सांगू नको, गेली म्हणून सांग, आणि मी येईपर्यंत थांब. तो म्हणाला, लोकं थांबत्यात व्हय रं, गाव हाय ह्ये. मी म्हणालो लोकांना मी नाही विचारत, तुला विचारतोय. मागं टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. मग म्हणाला, बर्फ किती लागंल त्यो लागू दे, तू नुसता निघ, मी थांबतो.