आधी ड्रायव्हरचा बॅकअप

पौर्णिमा : भाऊ, तुमी खुर्चीवर बसा. असं डोक्यावर उभं राह्यलं तं माह्यानं काम होत नाही.

हरीओम : बसाले नाही आलो. फॉरमॅट मारा म्हटलं ना? सगळं साफ पाह्यजे. फोटोगिटो काहीच राह्यलं नाही पाह्यजे.

पौर्णिमा : मारतो ना. पण आधी या पेनड्राइव्हमंधी ड्रायव्हरचा बॅकअप घ्या लागते.

हरीओम : थे काय असते?

पौर्णिमा : आवाज, कॅमेरा, वायफाय, हरेकाले चालवाले एक बारीकसा प्रोग्राम असते. हा लॅपटॉप जुना हाये, मीच तं इकला वैजयंतीले. कंपनी आता याचे ड्रायव्हर देत नाही. पुसले का गेले. वायफायचा गेला तं नेट नाही, अन् नेट नाही तं ड्रायव्हर आणू कुठून? मंग तुमीच मालेगावभर सांगसान, पौर्णिमानं डबडं करून देल्लं.

हरीओम : किती टाइम?

पौर्णिमा : पंधरा मिनिटं. पण त्याच्यासाठी लॅपटॉप उघडा लागन. पासवर्ड सांगा.

हरीओम : ए वैजे. सांग.

वैजयंती : आठवत नाही.

हरीओम : रोज उघडते अन् आठवत नाही? बोटानं उघडते तू याले. पाह्यलं म्या. लाव बोट.

वैजयंती : नाही लावत.

हरीओम : काय म्हणली?

वैजयंती : हळू बोला. पोरगी दचकते.

हरीओम : लाव म्हणतो ना!

वैजयंती : सोमवारी वाशीमले वकिलीणबाईनं माराचे फोटो आणाले सांगतले. माह्यापाशी दुसरे नाहीत. मोबाईल तुमी दगडानं ठेचला.

पौर्णिमा : भाऊ, राहू द्या. बॅकअप राहू द्या. न उघडताच मारतो फॉरमॅट.

हरीओम : आत्ता तं म्हणल्या लागते म्हणून?

पौर्णिमा : चुकलं माह्यं.

हरीओम : दोघी मिळून मले येडा समजता काय? थांबा. शटरच पाडतो.

पौर्णिमा : ओ! शटर वर करा! दुकान माह्यं हाये.

हरीओम : आन हात. आन इकडं!

वैजयंती : पोरगी हाये कडेवर... पडन ना ते... ताई, धरा तिले!

पौर्णिमा : धरली, धरली. भाऊ, गळा सोडा वैजयंतीचा. डोळे पाहा कसे झाले! पंजाबराव! ओ पंजाबरावभाऊ!

हरीओम : बोंबला. बाजूच्या दुकानाचा पंजाबराव आमच्याच गावचा हाये. नवराबायकोच्या मधात कोणी पडत नाही अठी. कोणतं बोट, वैजे? हे? का हे?

वैजयंती : आई वं! उलटं नोका... उलटं नोका करू...

पौर्णिमा : मोडन! अहो, मोडलं! आवाज नाही आला तुमाले?

हरीओम : उघडलं पाह्य. कायले रडते, उघडलं ना? घ्या तुमचे ड्रायव्हर. मी अठीच उभा हाओ, स्क्रीनकडं पाहून राह्यलो. एक फोटो जरी त्या पेनड्राइव्हमंधी गेला तं दुसरा हात तुमचा.

(पाऊण तासानंतर. हरीओम लॅपटॉप घेऊन मोटारसायकलनं गेला आहे. शटर अर्धं वर.)

पौर्णिमा : पाणी पे.

वैजयंती : गिळवत नाही. गळा दुखते. पोरगी लय रडली काय?

पौर्णिमा : रडली, मंग माही वेणी धरून बसली. मुठीतून सोडून नाही राह्यली.

वैजयंती : तिले वेणी लागते झोपाले. माही ओढली का तो म्हणे, तिलेबी समजते कुठून धराचं. ताई, काही राह्यलं काय?

पौर्णिमा : ड्रायव्हर राह्यले.

वैजयंती : अन् फोटो?

पौर्णिमा : नाही.

वैजयंती : एकबी?

पौर्णिमा : एकबी नाही. त्यानं पापणी नाही लवू देली. वैजयंती, खरं सांगतो तुले. फॉरमॅटले पासवर्ड लागतच नाही. मले वाटलं, लॅपटॉप एकडाव उघडला का ड्रायव्हरसंगं तुह्ये फोटो ओढून घेईन, याले काय समजते. म्हणून म्या उघडाले लावला. मी गप्प बसली असती तं तुह्यं बोट...

वैजयंती : तुमी नाही मोडलं.

पौर्णिमा : पण माह्यापायी मोडलं.

वैजयंती : घरी मोडलं असतं. मांगच्या साली मनगट मोडलं तवा डॉक्टरले सांगतलं, न्हाणीत घसरली. सासूबी तसंच बोलली. कोणी पाह्यलंच नोतं ना. ताई, आजचं पयलं हाये का जे कोणाच्या तरी डोळ्यादेखत मोडलं.

पौर्णिमा : चाल, दवाखान्यात चाल आधी. सुजून राह्यलं.

वैजयंती : जातो. तुमच्या मोबाईलचा कॅमेरा चांगला हाये?

पौर्णिमा : हाये.

वैजयंती : वकिलीणबाई इचारन, कोणी पाह्यलं काय म्हणून. तुमचं नाव सांगू?

पौर्णिमा : सांग. आडनावासकट सांग. दुकानाचंबी सांग.

वैजयंती : तो येईन मंग तुमच्या दुकानावर.

पौर्णिमा : मालूम हाये. पदर बाजूले कर, गळ्यावरचे वळबी येऊ दे. आता हात उजेडात धर... थांब, अजून एक काढतो. बोट नीट दिसलं पाह्यजे.