बोटभर उतरलेली धार

डेट्रॉइटला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे उभे होते. शेजारीच, मागच्या टोकाला उंच पंख असलेली, आकाशी रंगाची एकोणसाठ सालची गाडी होती.

“ऑर्व्हिल, हे पंख तूच कोरलेस ना मातीच्या नमुन्यात?”

“सात आठवडे खपलो. आणि तू तो नमुना चाचणीच्या वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून म्हणालास, ही गाडी उलटी चालवली तर जास्त सुसाट जाईल.”

“खरंच होतं ते. तसा अहवाल दिला, पण साहेबांनी उघडलासुद्धा नाही.”

“मी वाचला होता.”

“तू? तू तर माझ्या तोंडावर हसलास!”

“साहेब समोर होते, काझिमिर. मग रविवारी एकटाच गेलो आणि नमुन्यात बॉनेटची पुढची धार बोटभर खाली उतरवली. पंखांना मात्र हात लावायला मन धजावलं नाही.”

“थांब, थांब. दुसऱ्या चाचणीत वाऱ्याचा अडथळा कमी दिसला होता. यंत्र बिघडलं समजून मी ते तीन दिवस उघडून बसलो होतो!”

“यंत्र ठणठणीत होतं.”

“अरे, चाळीस वर्षं घरी सांगत आलोय, की माझं तिथे कोणी ऐकलं नाही.”

“तेव्हा बोललो असतो तर नोकरी गेली असती रे. नंतर तुझा पत्ता लागला नाही.”

काझिमिर रांग सोडून गाडीपाशी गेला आणि बॉनेटच्या धारेवरून तळहात फिरवत राहिला.

“लेका, काय उतरवली आहेस! मागाहून बदललीय असं कुठे जाणवत नाही.”

“आणि पंख?”

“पंख बिनकामाचेच. पण फोटो काढ माझा. इथे नको, तिकडे, पंखांजवळ.”