मिठासाठी दोन दिवसांची परवानगी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या मित्रमंडळाचा भार वर्षानुवर्षं वाहणारे रत्नाकरभाऊ सावर्डेकर, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे आणि आमच्या प्रकल्पाचे व्यवस्थापक माननीय इंद्रनील सर, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती तुकाराम गभाले, आणि कंपनीच्या बसमधून उतरून अंघोळीलाही न थांबता थेट मेसच्या या हॉलमध्ये आलेल्या माझ्या बंधूंनो, तुम्हां सर्वांना जलाल परकारचा नमस्कार आणि सलाम.

रत्नाकरभाऊंनी मला पाच मिनिटं दिली आहेत. साडेआठला तुकारामची दम्माम विमानतळाची गाडी निघते, तेव्हा ते योग्यच आहे. विषयही त्यांनी ठरवून दिलाय. तुकारामचा स्वभाव सांगायचा, त्याची सुरक्षिततेची कामगिरी सांगायची आणि त्याच्या गुडघ्यांना आराम पडो अशी सदिच्छा द्यायची. तसं मी लिहूनही आणलं होतं. पण चार दिवस झाले, माझं कशातच लक्ष नाही, आणि ते लिहिलेलं वाचायला आता जीभ वळत नाही. पाणी आहे का जरा? आभारी आहे.

आत्ताच इंद्रनील सरांनी तुकारामला प्रशस्तिपत्र दिलं. बावीस वर्षांत एकही गैरहजेरी नाही. टाळ्याही जोरात पडल्या. मी त्याचा खोलीसोबती आहे, तेही अकरा वर्षं. मी दाभोळच्या बंदरावरचा, तो अकोले तालुक्यातल्या डोंगरातला. मला उंचीची धास्ती, आणि हा साठ फुटांवर परांची बांधताना शीळ घालतो. ताप असो, दात दुखत असो, हजेरीच्या यंत्रासमोर हा पंधरा मिनिटं आधी उभा. मी एकदा चिडून विचारलं, एक दिवस नाही गेलास तर काय फाशी देतील? तो म्हणाला, “आई सांगायची, हजेरी चुकवू नये. आमच्यात चुकवत नाहीत.”

आमच्यात म्हणजे कुणात? तुकाराम महादेव कोळी. इथे किती जणांना ठाऊक आहे मला कल्पना नाही, पण त्या डोंगरातल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजांविरुद्ध आणि सावकारांविरुद्ध एकदा नाही, अनेकदा बंड केलं. बंडवाले फासावर गेले, काळ्या पाण्यावर गेले. आता कुणी म्हणेल, बंड केलं, शिक्षा झाली, विषय संपला. नाही संपला. ज्यांनी बंडात काडीही उचलली नव्हती, जे तेव्हा जन्मलेही नव्हते, त्यांची नावं सरकारने पुढे वहीत लिहून घेतली. जातच गुन्हेगार ठरवली. रोज चावडीवर हजेरी. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर पाटलाच्या सहीचा पास. पास नसताना दिसला की बेडी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे तर संन्याशाच्या नातवालाही फाशी.

रत्नाकरभाऊ, तुमची चिठ्ठी मिळाली. आवरतो.

तर असा एक पास तुकारामच्या पणजोबांच्या नावाचा होता. ‘खेवजी वल्द लुमा गभाले, जात महादेव कोळी, डाव्या गालावर देवीचे व्रण, यास मीठ आणण्याकरिता दोन दिवसांची परवानगी.’ छापील कागद, वर शाईने भरलेला, आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. हजेरी गेली, इंग्रज गेले, पण त्या घरात एक रीत राहिली. घाट उतरून लांब जाणाऱ्याने खेवजीबाबाचा कागद बरोबर न्यायचा. का, ते पुढे कुणालाच ठाऊक नव्हतं. अंगाऱ्याच्या पुडीसोबत ठेवायचा एवढंच. तुकाराम सौदीला निघाला तेव्हा त्याच्या आईने, बायजाबाईंनी, तो कागद फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिला. तेव्हापासून याच्या खिशात एका बाजूला इथे राहायचा परवाना, आपला इकामा, दुसऱ्या बाजूला पणजोबा.

एकदा रास अल खैरच्या रस्त्यावर पोलिसाने गाडी थांबवून इकामा मागितला. झोपेत असलेल्या तुकारामने घाईत भलत्याच खिशात हात घातला आणि खेवजीबाबाचा पास पुढे केला. पोलिसाने तो उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याच्या ठशाकडे पाहिलं, मग तुकारामच्या तोंडाकडे पाहिलं, आणि हसून “यल्ला”, चला निघा, म्हणाला. गाडीतले आम्ही पोट धरून हसलो. हसा, हसा. आम्हीही महिनाभर हसत होतो. इंद्रनील सर, इकाम्याची आणि त्या पासाची मी बरोबरी करत नाही. इकामा आपण आपल्या पायांनी येऊन मागून घेतो. खेवजीने काही मागितलं नव्हतं, मीठ सोडून.

आता माझं सांगतो.

मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. या प्रकल्पाचा प्रत्येक नकाशा, प्रत्येक परवाना माझ्या कपाटातून जातो. माझ्या हातात जुना कागद आला की तो प्लास्टिकमध्ये घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुम्ही सगळे माझ्याकडेच इकाम्याच्या प्रती घेऊन येता, तुम्हाला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी तुकारामला इथे वीस वर्षं झाली. काय भेट द्यावी, सुचेना. तो कागद घामाने विरत चालला होता, घड्यांवर भोकं पडली होती, म्हणून त्या दिवसांत कामावर जाताना तुकाराम तो उशाखाली ठेवून जायचा. तो कामावर गेलेला असताना मी उशाखालून कागद काढला, ऑफिसात नेला आणि लॅमिनेट केला. न विचारता. संध्याकाळी केकबरोबर त्याच्या हातात दिला. त्याने बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, “छान केलंस जलाल, आता भिजणार नाही.” मला केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू.

मंडळी, तुकारामचे गुडघे ठणठणीत आहेत. ज्यांनी तेलाच्या बाटल्या आणि गुडघ्यांचे पट्टे भेट दिलेत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये, पुढेमागे उपयोगी पडतील. तुकाराम, तू खाली बघू नकोस. मला कळलंय. चार दिवसांपूर्वी तुझ्या स्वप्नालीचा फोन आला होता.

त्याच्या मुलीला यंदा डॉक्टरकीला जागा मिळाली आहे. आदिवासींच्या राखीव जागेतून, स्वतःच्या मार्कांवर. पण जातीचा दाखला पडताळून मिळाला तरच ती जागा टिकणार. समितीने जुना पुरावा मागितला. आजोबांचा शाळेचा दाखला आणा म्हणाले. आजोबांना शाळेत घातलं कुणी होतं? जमिनीचा कागद आणा म्हणाले. जमीन सावकाराने गिळली, तिथूनच तर बंड पेटलं. घरात जातीचा उल्लेख असलेला जुना कागद एकच, तो म्हणजे खेवजीचा पास. तोच समितीपुढे ठेवला. विचार करा. तेव्हाचं सरकार म्हणायचं, कागद दाखव, नाहीतर तू चोर. आताचं म्हणतं, कागद दाखव, नाहीतर तू तो नव्हेसच. मला याचा राग येतो. राग येऊन उपयोग नाही हेही कळतं, कारण खोटे दाखले काढून या लोकांच्या जागा लाटणारेही कमी नाहीत, आणि समितीला तपासावंच लागतं.

पण तपासणार कसं? कागदाला हात लागत नाही, शाई पारखता येत नाही, वरून माझं चकचकीत प्लास्टिक. समितीने लेखी विचारलं, शंभर वर्षं उघडा राहिलेला कागद आत्ताच कुणी बंद केला, आणि का? याने काय उत्तर पाठवलं ठाऊक आहे? ‘मी स्वतः केला.’ कुठल्या दुकानात, कोणत्या तारखेला, ते याला सांगता येईना. सांगणार कुठून? संशय आणखी वाढला. आता सोमवारी सकाळी अकराला बापाने जातीने हजर राहायचं आहे. दुरुस्तीसाठी प्लान्ट बंद ठेवलेल्या या शटडाउनमध्ये कुणालाच रजा नाही, म्हणून याने गुडघ्यांचं निमित्त सांगून कायमचा निरोप घेतला. आम्ही बसलोय सदिच्छा देत.

स्वप्नालीला हे मी केलं हे ठाऊकच नव्हतं. तिने एवढंच विचारलं, “जलालकाका, तुमच्या ऑफिसात लॅमिनेशन उघडायचं मशीन असतं का?” मी म्हटलं, बघतो. बाजारातल्या जुन्या पावत्या लॅमिनेट करून मी त्या उघडून पाहिल्या. इस्त्री लावली, गरम हवा दिली, ब्लेड घातलं. दर वेळी प्लास्टिकबरोबर अक्षरं निघून आली. अशा सतरा पावत्या झाल्या. खऱ्या कागदाला हात लावायची माझी छाती नाही.

हो रत्नाकरभाऊ, गाडी आली, मला दिसली. दोनच मिनिटं.

माझ्या हातात एक गोष्ट आहे. कोणताही कागद बंद करण्याआधी मी दोन्ही बाजूंनी स्कॅन करतो. त्या दिवसाचा तारखेसकट स्कॅन माझ्याकडे आहे, त्यात घड्याही दिसतात, भोकंही दिसतात, पाठीमागचा घामाचा डागही दिसतो. तो समितीला पुरेल का, मला माहीत नाही. पण कुणी केलं आणि का केलं याचं खरं उत्तर देणारा माणूस या जगात एकच आहे, आणि तो हॉलमध्ये माईक धरून उभा आहे.

इंद्रनील सर, सकाळी तुमच्या टेबलावर माझा रजेचा अर्ज ठेवलाय. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलंय. खरं कारण तुम्ही आत्ता ऐकलंत. चार दिवस मागतोय. शनिवारच्या विमानाचं तिकीट काढून ठेवलंय. हे असं सगळ्यांसमोर विचारणं शिष्टाचाराला सोडून आहे, मला मान्य आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी काय करीन, हे इथे सांगायला नको.

आयोजकांचे आभार. बिर्याणी करणाऱ्या यूनुसभाईंचे आभार, ती थंड होतेय हे मला दिसतंय. निरोपाच्या सभेत रडगाणं आणलं, अध्यक्षांच्या तीन चिठ्ठ्या खिशात घातल्या, पाहुण्यांना अडचणीत टाकलं, त्याबद्दल सभेने मला पदरात घ्यावं.

तुकाराम, माफी मात्र तुझ्याकडे मागायची आहे, आणि तू मान हलवून ती वाऱ्यावर सोडू नकोस. माझं नाव येऊ नये म्हणून तू ‘मी केला’ लिहिलंस. मी खरं बोललो की तुझं लिहिणं खोटं ठरेल, हे मी जाणतो. तरी मला बोलू दे. दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टीची हजेरी तुझ्या घराने पिढ्यान्पिढ्या दिली. माझी तू देऊ नकोस. सोमवारी ती मी देईन.